उद्घाटनापर्यंत पूल बंद राहील

ठक्. ठक्ठक्. मग थोडं थांबून, ठक्.

मुलांनो, हा आवाज मी तुमच्याएवढा असताना ऐकला. गुरं पाणवठ्यावर सोडली होती आणि मी पळसाखाली बसलो होतो. आवाज डोंगरापलीकडून येत होता. कुणीतरी सावकाश, विचार करत, लाकडावर काही लिहीत असावं, असा तो होता. मला तेव्हा वाचता येत नव्हतं. आताही बेताचंच येतं. पण तिकडे काय लिहीत होते ते मला पुढे कळलं. तेच सांगतो. घाई नाही ना कुणाला?

तर त्या डोंगरामागे, एका जंगलात, एक आमदार राहत होते.

त्यांचं नाव धनेशराव. धनेश पक्षी तुम्ही पाहिला असेल. भली मोठी चोच, आणि चोचीवर टोपी ठेवावी तसा उंचवटा. ते उडाले की पंखांचा आवाज कोसभर जायचा. निवडणुकीत त्यांनी भाषण केलं नाही. जंगलावरून नुसत्या तीन फेऱ्या मारल्या. एवढं ऐकू येणारं दुसरं कुणी उभंच नव्हतं, म्हणून ते निवडून आले.

माणूस, म्हणजे पक्षी, चांगला होता. खोटं बोलायचे नाहीत. उंबरं पिकली की वाटून खायचे. फक्त ते कधी जमिनीवर उतरत नसत. सगळा मतदारसंघ त्यांनी वरून पाहिला होता. आणि वरून पाहिलं की जंगल फार छान दिसतं.

दर पौर्णिमेला सकाळी त्यांचं वार्तापत्र निघायचं. त्यांचा स्वीय सहायक होता एक सुतारपक्षी. तो ते ऐनाच्या एका जुन्या झाडाच्या खोडावर चोचीने कोरायचा. पहिल्यांदा शाळेची बातमी, मग रस्त्यांची, मग कुणाच्या घरी काय झालं ते. 'शाळेच्या मैदानावर यंदा गवत चांगलं आलं, आमदारांचे आभार.' 'उताराचा रस्ता पावसाने धुऊन स्वच्छ झाला, आमदारांचे आभार.' 'मुंगसांकडे जुळं झालं, अभिनंदन.' तिथेही कुणीतरी आमदारांचे आभार मानले होते, पण मुंगसाने ते खोडायला लावलं.

त्या जंगलाची एक रीत होती. खोडावर जे आलं, ते झालं. फार पूर्वी एकदा सुतारपक्ष्याच्या पणजोबाने 'उद्या पाऊस' असं कोरलं होतं आणि दुसऱ्या दिवशी खरोखर पाऊस आला होता. तेव्हापासून झाडावर कुणी शंका घेत नसे.

यात एकदा एका सशाची पंचाईत झाली. त्याचं नाव भिवा. सुतारपक्ष्याच्या हातून, म्हणजे चोचीतून, त्याचं नाव चुकून दुःखद निधनात गेलं. भिवा त्या वेळी झाडाखालीच उभा होता. सगळ्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा झाडाकडे पाहिलं, आणि त्याच्या बायकोचं सांत्वन करायला गेले. त्यानंतर कुणी त्याला रामराम केला नाही. भिवाने चार दिवस भांडून पाहिलं, मग सोडून दिलं. वर्षश्राद्धाला तो स्वतः जेवून आला. वाढणाऱ्याने त्याच्याकडे न पाहता पान वाढलं. जेवण बरं होतं म्हणाला.

अशी रीत. आता गोष्ट.

त्या जंगलाच्या मधून एक ओढा वाहायचा. अलीकडच्या काठावर शाळा होती. शाळा म्हणजे एक उभा सपाट दगड आणि त्याच्यासमोर बसायला जागा. शिकवायला बगळे गुरुजी होते. पांढरेशुभ्र, एका पायावर उभे राहून शिकवणारे.

ओढ्याच्या पलीकडे गोजरा राहायची. ती खवले मांजर. तिला एकच मुलगी, पारी. खवले मांजराची आई आपल्या पिलाला शेपटीवर बसवून फिरते, हे तुम्हाला ठाऊक आहे का? गोजरा तशी पारीला घेऊन जंगलभर फिरायची. पण ओढ्याला पाणी असलं की तिचा इलाज चालत नसे. पाण्यात शेपूट आधी बुडते. म्हणजे पारी आधी बुडणार.

म्हणून गुरुजींनी एक सोय केली होती. पावसाळ्यापासून ओढा आटेपर्यंत पलीकडच्यांना हजेरी माफ. दर तिसऱ्या दिवशी गुरुजी स्वतः उडून पलीकडे जायचे आणि जांभळीखाली पारीला शिकवायचे.

पारी हुशार होती. मुंग्या खायच्या आधी ती मोजायची. चारशे बारापर्यंत तिला आकडे येत होते. शाळेतल्या बाकीच्या पोरांची गाडी स्वतःच्या पायांपाशी संपायची. आता तिला भागाकार शिकायचा होता. तिची आई वारूळ दोघींत वाटायची, तेव्हा आई स्वतःला कमी घेते असा पारीला संशय होता. भागाकार आला की ते पकडता येईल, असं तिने ठरवलं होतं. गुरुजी म्हणाले होते, पुढच्या महिन्यात शिकवतो.

तेवढ्यात पूल झाला.

झालं असं. आश्विनातलं ऊन तापलं होतं. गोमाशांनी जनावरं हैराण झाली होती. हैबती नावाचा एक म्हातारा गवा आपल्या कळपातल्या सहा जणांना घेऊन भर दुपारी ओढ्यात उतरला. सात गवे एकमेकांना खेटून, या काठापासून त्या काठापर्यंत, गार पाण्यात उभे राहिले. काळ्या पाठी तेवढ्या वर.

त्याच वेळी धनेशराव वरून चालले होते. त्यांनी खाली पाहिलं. ओढ्यावर काळ्या दगडाचा नवा पूल.

त्यांना इतका आनंद झाला की त्यांनी हवेतच एक गिरकी घेतली. पुलासाठी त्यांनी राजधानीला तीन पत्रं लिहिली होती. कुणीतरी ती वाचली, या विचाराने त्यांचे डोळे भरून आले. पौर्णिमेला झाडावर मोठ्या अक्षरात बातमी आली. 'शाळेच्या ओढ्यावर भक्कम पूल पूर्ण. विद्यार्थ्यांची गैरसोय कायमची दूर.'

त्या दिवशी जंगलात पेढ्यांऐवजी मोहाची फुलं वाटली गेली. गेल्या वर्षीची वाळवलेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गोजरा पारीला शेपटीवर घेऊन ओढ्यावर आली. तिने काठाने वर जाऊन पाहिलं, खाली जाऊन पाहिलं. पाणी होतं. पलीकडे बगळे गुरुजी उथळ पाण्यात उभे होते.

तिने त्यांना विचारलं की आज तिसरा दिवस, तुम्ही येणार ना.  गुरुजी म्हणाले, आता येता येणार नाही. पूल असताना गुरुजी उडून गेले तर पूल नाही असा अर्थ होईल. हजेरीची माफीही संपली. आता नेहमीचा नियम. एका पौर्णिमेपासून दुसऱ्या पौर्णिमेपर्यंत जो एकदाही हजर नाही, त्याचं नाव पटावरून कमी. एक दिवस जरी पारी आली, तरी पुढचा महिना नाव राहील, आणि तोवर ओढा आटेल.

"पण गुरुजी, पूल कुठंय?" गोजरा म्हणाली.

गुरुजींनी पाय बदलला.

"नाहीये, बाई. मलाही दिसतंय. पण झाडावर आहे."

गोजराने त्या आठवड्यात एकदा पाण्यात उतरून पाहिलं. चार पावलांवर पारीच्या नाकात पाणी गेलं. दोघी परत आल्या. पारी अंगाचं वेटोळं करून पडून राहिली आणि संध्याकाळपर्यंत उलगडली नाही. तिच्यासमोरून मुंग्यांची रांग गेली तरी तिने मोजली नाही. तेव्हा गोजरा घाबरली.

ती आमदारांकडे गेली. धनेशराव उंच उंबरावर बसायचे. खवले मांजराला झाडावर चढता येतं, पण सवय नसली की दम लागतो. ती वर पोचली तेव्हा धनेशराव इतके खूश झाले की काय सांगू. इतक्या वर्षांत मतदार वर आलेला त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी तिला स्वतःच्या चोचीने उंबर दिलं. गोजरा उंबर खात नाही, पण तिने घेतलं. मग तिने सगळं सांगितलं.

"ताई, मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय," धनेशराव म्हणाले. "भर दुपारी. काळाभोर. मोजले तर सात दगड असतील."

"मी रोज काठावर असते, साहेब. तिथं नुसतं पाणी आहे."

धनेशरावांनी मान तिरकी करून सुतारपक्ष्याकडे पाहिलं.

"उद्घाटन राहिलंय, साहेब," सुतारपक्षी म्हणाला.

"तरीच," धनेशराव म्हणाले. त्यांचा जीव भांड्यात पडला. उद्घाटन झाल्याशिवाय पूल दिसायचा कसा, असं त्यांनी गोजराला फार प्रेमाने समजावून सांगितलं. येत्या पौर्णिमेला सकाळी ते स्वतः येणार होते. पुलावरून पहिलं पाऊल पारीचं. तिचं नाव झाडावर. गोजरा म्हणाली की पौर्णिमा हाच नाव कमी व्हायचा दिवस आहे, साहेब, त्या सकाळी ऊन शाळेच्या दगडाच्या पायथ्याशी आलं की पट बंद होतो. धनेशराव म्हणाले, मग तर योगच जुळून आला.

गोजरा खाली उतरली. बुंध्याशी भिवा ससा बसला होता. गोजराला तो पहिल्यापासून आवडायचा, आणि आजूबाजूला कुणी नसलं की ती त्याच्याशी बोलायची. तिने त्याला सांगितलं. सात दगड, काळे, भर दुपारी.

भिवा मेल्यापासून त्याला दुपारी काही काम नसे. तो ओढ्याकाठीच पडलेला असायचा.

"ते दगड शेपट्या हलवत होते," तो म्हणाला. "जाऊन हैबतीला विचार. मी सांगितलं म्हणू नकोस, मेलेल्याचं ऐकते म्हणतील."

हैबती गवा कमी बोलायचा. महिन्याकाठी पाच-सहा वाक्यं. त्यातली दोन पावसाबद्दल. गोजरा त्याच्यापुढे उभी राहून बोलत होती आणि तो रवंथ करत होता. तिला वाटलं, याला ऐकूच येत नाही. तिचं बोलणं संपलं तरी तो रवंथ करत राहिला. मग त्याने शेपटीवरच्या पारीकडे पाहिलं.

"किती वाजता शाळा?" त्याने विचारलं.

दुसऱ्या दिवशी सूर्य उगवायच्या आत सातही गवे ओढ्यात उभे होते. पलीकडच्या काठाला डोह खोल होता, म्हणून तिथे हैबती स्वतः. बाकीचे त्याच्या पुढे ओळीने, शाळेच्या काठापर्यंत. गोजराने पारीला उतरवलं. पारीने एक पाय हैबतीच्या पाठीवर ठेवला.

तेवढ्यात सुतारपक्षी आला.

त्याने पूल पाहिला आणि त्याला फार बरं वाटलं. आधी बातमी आणि मग पूल, तोही उद्घाटनाच्या आत, असं त्याच्या नोकरीत पहिल्यांदाच घडत होतं. त्याने लगेच एक वेल आणून हैबतीच्या शिंगापासून शेपटीपर्यंत आडवी बांधली आणि एका सालीवर पाटी कोरून ती वेलीला टांगली. 'उद्घाटनापर्यंत पूल बंद राहील.'

गोजराने हात जोडले. पोरीचं नाव जाईल म्हणाली. सुतारपक्षी दुष्ट नव्हता. त्याने तिला समजावलं की आमदारसाहेबांच्या आधी पोरगी गेली तर पौर्णिमेला तिला पहिली कशी म्हणायची? खोटं होईल ते. मग तो गव्यांना, शेपट्या शक्यतो हलवू नका, असं सांगून गेला.

नऊ दिवस तसेच गेले. रोज सकाळी सात गवे ओढ्यात उभे राहायचे. रोज गोजरा आणि पारी काठावर बसायच्या. समोर पूल, पलीकडे शाळा, मधे एक वेल. गुरुजींचा आवाज ऐकू यायचा, शब्द कळायचे नाहीत. पारी दगडावरून उतरणारं ऊन नख्या धरून मोजायची. आठ नख्या. सात. सहा. ऊन पायथ्याशी आलं की पट मिटायचा आणि गवे चरायला जायचे.

आणि एक गंमत सांगू का? हैबती झाडावर पूल म्हणून आला होता ना. मग त्याला कुणी रामराम करेना. वाटेत भेटला तर प्राणी त्याच्याकडे पाहून एकमेकांना म्हणायचे, मजबूत आहे हं. एका माकडाने त्याच्या पाठीवर उडी मारून पाहिली आणि दुसऱ्याला सांगितलं की काम चांगलं झालंय.

एका संध्याकाळी भिवा त्याच्या शेजारी येऊन बसला.

"पहिले चार दिवस जड जातात," भिवा म्हणाला. "मग सवय होते."

हैबती रवंथ करत होता.

पौर्णिमा उजाडली. सगळं जंगल ओढ्यावर लोटलं. मधल्या गव्यांच्या पाठींवर पाहुणे बसवले. शेजारच्या जंगलाचे माजी आमदार रानडुक्कर, त्यांच्या मागे तीन माकडं. धनेशराव एका वाकलेल्या फांदीवर. जमिनीच्या इतक्या जवळ ते जन्मात पहिल्यांदाच आले होते. पारीला आंघोळ घालून हैबतीच्या पाठीवर उभी केली होती, समोर वेल, पंजात एक फूल. बगळे गुरुजींना व्यासपीठावर बोलावलं होतं, पण ते म्हणाले, मला पट आहे. ते दगडाशी पट उघडून उभे होते आणि वारंवार इकडे पाहत होते.

दगडावर ऊन अजून वर होतं. आधी माजी आमदार बोलले. त्यांच्या काळात त्यांनी अकरा पूल बांधले होते, त्यांची नावं त्यांनी सांगितली. मग सुतारपक्ष्याने आभार मानले. आभार शेवटी मानतात असं त्याला कुणीतरी सांगितल्यावर त्याने ते मागे घेतले, आणि शेवटी पुन्हा मानीन म्हणाला.

"पाच नख्या," पारी हळूच म्हणाली.

मग धनेशराव बोलायला उठले. ते मनापासून बोलले. त्यांनी ओढ्याचेही आभार मानले. ओढा नसता तर पूल झालाच नसता, असं ते म्हणाले, आणि प्राण्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी शाळेचं महत्त्व सांगितलं. शाळा किती जवळ आली आहे पाहा, म्हणाले. सगळ्यांनी शाळेकडे पाहिलं. गुरुजींनी मान खाली घातली.

"तीन," पारी म्हणाली. "आई, तीनच राहिल्या."

गोजरा काठावरून सुतारपक्ष्याला खुणा करत होती. तो तिच्याकडे पाहून हसला. त्याला वाटलं तिला आनंद झाला आहे. आता फक्त कोनशिला राहिली होती. पुलाच्या पहिल्या दगडावर आमदारांचं नाव, हुद्दा आणि आजची तिथी कोरायची, मग वेल कापायची. पहिला दगड म्हणजे हैबती. सुतारपक्षी त्याच्या खांद्यावर उतरला, एक पाऊल मागे सरून अंदाज घेतला.

"दोन," पारी म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. वेटोळं करायच्या आधी तो तसा व्हायचा.

ठक्.

हैबतीने डोळे मिटून घेतले.

ठक्ठक्.

हैबतीने डोळे उघडले. मान थोडी उचलली. शिंगाची वेल ताणली, तुटली, पाण्यात पडली. तो प्रवाहात एक पाऊल पुढे गेला, वळला, आणि बाकीच्या सहा जणांच्या तोंडांसमोरून शाळेच्या काठाकडे चालू लागला. पाठीवर पारी. खांद्यावर, चोच वर केलेला, सुतारपक्षी.

आता गव्यांचं कसं असतं, पुढचा चालला की बाकीचे चालतात. ते सहाही निघाले. माजी आमदार पाण्यात बसले. तीन माकडं त्यांच्यावर बसली. धनेशराव फांदीवरून उडाले आणि सवयीने वर गेले. वरून पाहिलं तर पूल शाळेत चालला होता.

हैबती दगडापाशी थांबला. त्याने पुढचे गुडघे टेकले. पारी उतरली. ऊन पायथ्यापासून अर्धी नखी वर होतं. गुरुजींनी पट तिच्यापुढे धरला आणि पारीने ओला पंजा तिच्या नावापुढे उमटवला.

"आज भागाकार," गुरुजी म्हणाले.

पलीकडच्या काठावरून गोजरा सगळं पाहत होती. धनेशराव दगडाशेजारच्या झाडावर उतरले. त्यांना धाप लागली होती. त्यांनी खाली वाकून अगदी आदबीने विचारलं की पूल आता कुठे निघाला, संध्याकाळी परत येणार का, म्हणजे झाडावर तसं घालता येईल.

हैबतीने खांदा हलवून सुतारपक्ष्याला खाली उतरवलं. पारीकडे एकदा पाहिलं. ती मुंग्यांचे दोन ढीग करत होती. मग तो वळला आणि सागांच्या सावलीतून चरायला निघून गेला.

तात्पर्य : मुलांनो, पूल बांधायचाच असेल तर झाडावरच बांधावा. पाण्यातल्या पुलाचा काही नेम नसतो. तो भाषणाच्या मधेच उठून शाळेत जातो.